आखूड पडलेले दांडे

ताडपत्रीवर सगळं मांडून झाल्यावर ग्लेंडाने पुन्हा एकदा मोजलं. उभे दांडे तीन, आडवे तीन, लोखंडी खुंट्या बत्तीस, सायकलच्या ट्यूबमधून कापलेल्या रबरी कड्या चोवीस, कप्पी एक, कपडे वाळत घालायची दोरी नऊ मीटर, मेणबत्तीचा तुकडा एक. शिवाय निळ्या-पांढऱ्या कापडाची मोठी घडी, म्हणजे कॅरव्हानच्या, गाडीमागे ओढायच्या त्या चाकांवरच्या घराच्या, दाराला जोडायची ओसरी. आणि खुर्चीत बसलेला नॉर्मन. त्याला मोजण्यात काही अर्थ नव्हता.

"खुंट्या जरा लांब ठेव, पायात येतील," नॉर्मन म्हणाला.

"तू चहा पी."

त्याला पेसमेकर बसवून तीनच आठवडे झाले होते. डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून कॅरव्हान ओढत इथवर गाडीही ग्लेंडानेच आणली होती. शेजारी बसून नॉर्मन प्रत्येक वळणावर आपल्या बाजूला नसलेला ब्रेक दाबत होता.

नॉर्थंबरलंडच्या किनाऱ्यावरच्या या कुरणात कॅरव्हान क्लबचा मेळावा दर मे महिन्यात भरायचा. वीसेक कॅरव्हान आल्या होत्या आणि त्यांत यांचीच सगळ्यात लहान. दोन बाक, एक घडीचं टेबल, गॅसची शेगडी. ओसरी नसेल तर एकाने पँट चढवताना दुसऱ्याने बाहेर जाऊन उभं राहायचं. आजवर ओसरी नॉर्मनच उभी करत आला होता. तो सहा फुटांचा. दांडे एकमेकांत सरकवून पिळून घट्ट करायचे, तेही त्याच्या पंजाच्या ताकदीने. ग्लेंडा जेमतेम पाच फूट, आणि लग्नाचे झगे उसवून-शिवून तिच्या दोन्ही अंगठ्यांचे सांधे कामातून गेलेले.

पेसमेकरचं नक्की झालं त्या दिवसापासून ती एकेक वस्तू आपल्या हाताजोगी करत होती. पिळायचे दांडे काढून टाकून तिने एकीत एक सरकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या हलक्या नळ्या आणल्या. कुबडीची उंची बदलायला असतं तसं स्प्रिंगचं बटण आतल्या नळीत बसवलं आणि बाहेरच्या नळीला त्याच्यासाठी भोक पाडलं. प्रत्येक दांड्याला एकच, कारण जास्त भोकं पाडली की नळी कमजोर होते. कापडाच्या वरच्या कडेला शिवलेली जाड दोरी छताच्या खाचेतून ओढून न्यायची, हे दोघांचं काम. तिथे तिने कप्पी लावली. खाचेचं तोंड कानशीने थोडं रुंद केलं, आत मेणबत्ती घासली. आता दारातल्या पायरीवर उभं राहून एकटीने दोर ओढला की कापड सरसर पुढे जायचं.

आणि तसंच झालं. कापड एकदाही न अडकता या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. दोन कॅरव्हान सोडून पलीकडे कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

मग तिने आडवे दांडे अडकवले, पुढचा मधला दांडा उभा केला. बटण टक् करून भोकात बसलं. डावा बसला. उजवा बसला. ती चार पावलं मागे सरकली.

छताच्या मधोमध कापड पोटासारखं लोंबत होतं. बाजूच्या भिंती गवतावर गोळा झाल्या होत्या. दाराची चेन अर्ध्यावर येऊन थांबत होती.

"पाणी साठणार तिथे," कॉलिन म्हणाला. तो मेळाव्याचा व्यवस्थापक. गळ्यात शिट्टी अडकवून फिरायचा. "आज रात्री पाऊस आहे. पोरी, माझ्याकडे जुने दांडे आहेत, आणू का? मीच लावून देतो."

"मी अडुसष्ट वर्षांची आहे, कॉलिन. पोरी म्हणायला तुला सून आहे."

"बरं बाई. मदतच करत होतो."

"विचारलं होतं मी?"

तिने डाव्या दांड्याखाली हात घालून तो उचलून पाहिला. तळहाताच्या रुंदीएवढा वर गेला तेव्हा छत ताणलं गेलं. तिन्ही दांडे आखूड होते. घरी हेच दांडे नेमके बसले होते. तिने स्वतः लावून पाहिले होते, अंगणात, दोनदा.

एवढ्यात कॅरव्हानच्या आतून कॉलिनच्या बायकोचा आवाज आला.

"ग्लेंडा, ही मागची खिडकी अठ्ठावन्नच ना गं?"

ग्लेंडाने दारातून डोकावलं. मोइरा बाकावर गुडघे टेकून खिडकीला टेप लावत होती.

"तू काय मोजतेयस?"

"पडदे. तुझे छान आहेत, तसं नाही. पण आमच्या सुनेला पिवळा रंग सोसत नाही." मोइराने ग्लेंडाचं तोंड पाहिलं आणि टेप सटकन गुंडाळून घेतला. "नॉर्मन बोलला नाही तुझ्याशी?"

"काय बोलायचं होतं त्याने?"

"मी आपली जाते. पातेल्यात बटाटे ठेवलेत."

ती गेली. मागोमाग कॉलिनही निघाला होता.

"तू थांब," ग्लेंडा म्हणाली. तो थांबला. मग ती नॉर्मनकडे वळली. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय हे तिला आज कळत होतं. आवाज मात्र तिने वाढवला नाही. कुरणातले निम्मे लोक खुर्च्या इकडे वळवून बसले होते.

"कॅरव्हान विकलीस?"

"विकली नाही. कॉलिनने विचारलं. मी म्हटलं, बघू. ग्लेंडाला ओसरी जमली नाही, तर घेऊन जा."

"म्हणजे माझी परीक्षा घ्यायला आणलंस इथे. आणि मला सोडून सगळ्यांना ठाऊक."

"सगळ्यांना नाही."

"तिच्या सुनेला ठाऊक आहे, नॉर्मन. तिला माझा पिवळा सोसत नाही."

कॉलिनने शिट्टीशी चाळा करत समुद्राकडे पाहिलं.

"आणि हे दांडे," ग्लेंडा म्हणाली, "घरी बसले ते इथे आखूड कसे?"

"वीट," नॉर्मन म्हणाला. फार पटकन म्हणाला.

"कसली वीट?"

"आपली हिरवळ. फरशीच्या कडेने मी विटा लावल्या ना. कॅरव्हान फरशीवर, आणि तू दांडे टेकवलेस हिरवळीवर. ती विटेच्या जाडीने वर आहे, म्हणून तिथे आखूड दांडेही पुरले."

झग्याची खालची कड जमिनीपासून मोजतात. तीसेक वर्षं ग्लेंडा गुडघ्यांवर बसून जमिनीपासून वर मोजत आली होती आणि शिवणाच्या दुकानाची जमीन सपाट आहे यावर तिने कधी शंका घेतली नव्हती. चूक तिचीच होती. पण राग त्या चुकीचा नव्हता.

"हे तुला केव्हा कळलं?"

"तू मोजत होतीस तेव्हा."

"तू कुठे होतास?"

"स्वयंपाकघराच्या खिडकीत."

"मी तीन नळ्यांना भोकं पाडली. अंगठे सुजले, रात्री बर्फ लावून बसले. तू तो बर्फ आणून दिलास, नॉर्मन. आणि खिडकीतून बघत होतास."

"मला वाटलं, नाही जमलं की तूच म्हणशील, विकून टाकू." त्याने कप गवतावर ठेवला. "तू शिडीवर चढलीस आणि पडलीस, तर मी काय करणार? हात वर करता येत नाही मला. नुसतं बसून बघायचं."

"तुला भीती वाटते, तर वाटते म्हणायचं. मला आखूड दांडे घेऊन वीस जणांसमोर उभं नाही करायचं."

तिने कॉलिनकडे बोट केलं.

"अर्धी कॅरव्हान माझी आहे. त्याला सांग, विकायची नाही."

"आधी छत तर ताणलं जाऊ दे," नॉर्मन खाली बघत पुटपुटला. "ताणलं गेलं तर सांगतो. शब्द देतो."

"ऐकलंस, कॉलिन? इथेच थांब. आणि ते जुने दांडे मला नकोत."

कॅरव्हान समतल करायला चाकाखाली घालतात तशा उतरत्या फळ्या तिच्याकडे होत्या. त्या तिने प्रत्येक दांड्याखाली एकेक करून सरकवल्या आणि कापड ताठ ताणलं गेलं की थांबली. मग प्रत्येक दांड्याखालची उंची मोजली. डावीकडे अठ्ठ्याहत्तर मिलिमीटर, मध्ये त्र्याऐंशी, उजवीकडे एक्क्याण्णव. कुरण कुठेच सपाट नव्हतं. या वेळी तिने तिन्ही आकडे वेगवेगळ्या दांड्यांवर खडूने लिहिले.

नळ्या एकमेकींत वीतभर शिरलेल्या होत्या, त्यामुळे वाढवायला जागा होती. हाताने फिरवायचं ड्रिल तिने बाकाखालून काढलं, नळी पायरीवर टेकवली, गुडघ्याने दाबून धरली. पहिलं भोक पाडताना ड्रिल घसरलं आणि नळीवर लांब ओरखडा उठला. नॉर्मन खुर्चीतून अर्धवट उठला.

"बस," ती म्हणाली.

"नुसती नळी धरतो. हात खालीच राहील."

"बस म्हटलं ना."

तो बसला. तिने अंगठ्याऐवजी तळहाताने मूठ फिरवायला सुरुवात केली. ॲल्युमिनियमचे बारीक चुरे तिच्या स्कर्टवर पडत राहिले. तिसऱ्या भोकापर्यंत तिचा तळहात सोलवटला होता आणि पलीकडच्या बायकांनी आपसातलं बोलणं थांबवलं होतं. कॉलिनने एकदा घड्याळ पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने हात खिशात घातला.

दांडे पुन्हा उभे राहिले. टक्. टक्. उजव्याचं बटण पुरतं बाहेर येईना, तेव्हा तिने नळीवर हातोडीच्या दांड्याने दोनदा ठोकलं. टक्. मग खाली वाकून एकेक रबरी कडी खुंटीत अडकवली, खुंटी ठोकली. चेन वरपासून खालपर्यंत गेली. समुद्रावरून वारा आला. भिंती थरथरल्या, छत हललं नाही.

"झालं की," कॉलिन म्हणाला.

"मोजल्याशिवाय नाही. नंतर कोणी म्हणायला नको, पोट आहे म्हणून."

तिने कॅरव्हानच्या छताच्या कडेपासून पुढच्या दांड्यापर्यंत, छताच्या आतल्या अंगाने, दोन्ही टोकांना कापडाच्या बरोबर दहा सेंटिमीटर खाली, शिवणकामाचा पांढरा दोरा ताणून बांधला. दारातली सुटी पायरी ओढून घेतली, वर चढली. मधोमध, जिथे मघाशी कापड लोंबत होतं, तिथे पट्टी उभी धरली आणि दोरा आणि कापड यांच्यातलं अंतर टोकांपेक्षा किती कमी आहे ते पाहिलं.

"किती?" नॉर्मनने विचारलं.

"नऊ मिलिमीटर. एवढ्यात पाणी साठत नाही. सांग त्याला."