मरीच्या वाफ्यातला हुळा

साल अठ्ठ्याहत्तर. चांदवडच्या अलीकडे एका सरकारी शेतावर मी रोजंदारीने जायची. सातवी शिकलेली, म्हणून झाडांच्या पाट्या लिहायचं काम माझ्याकडे. हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट आंबेने पावलं चुरचुरायची, तरी तो हिरवा वास अजून नाकात आहे.

शेताच्या टोकाला मरीचा वाफा होता. मर रोगाने वाळलेला हरभरा बारीक करून शेतावरचे संशोधक देवरेसाहेब दरवर्षी त्याच मातीत गाडायचे. तिथे कसलंही औषध फवारायचं नाही. त्या मातीत जे झाड जगेल, त्याचंच बी नव्या वाणासाठी पुढे धरायचं.

माझ्यासोबतची भागीबाई हसायची. "लोक रोग घालवायला साहेब ठेवत्यात, आन् आपला साहेब रोग पाळतोय!"

त्याआधीच्या चार वर्षांत एकच झाड वाचलं होतं. त्याचे मूठभर दाणे साहेबांनी सगळेच्या सगळे तिथे पेरले. थोडे मागे ठेवायला हवे होते, असं नंतर सगळेच म्हणाले. त्या माघात बाकी वाफा करपून गेला आणि मधली एक ओळ घाट्यांनी लगडली. देवरेसाहेब रोज सकाळी येऊन तिच्याशेजारी नुसते उकिडवे बसायचे.

एके दिवशी ते मीटिंगला नाशिकला गेले आणि इकडे मुंबईचे मोठे साहेब आले. त्यांना हुळा खायचा होता, ओले घाटे जागेवर भाजून. शिपाई गोटीराम धावत आला.

"कालच समद्या शेतात फवारणी झालीय. बिनऔषधाचा हरभरा कुठं हाय गं?"

"मरीच्या वाफ्यात औषध मारत नाय," मी म्हणाले. मास्तरांनी विचारावं आणि पटकन उत्तर द्यावं, तसं.

"भागीबाई, चल, उपट बिगीबिगी!"

"आरं, ती देवरेसाहेबाची वळ हाय."

"देवरे मोठा का मुंबईचा मोठा? चल."

भागीबाईने माझ्याकडे पाहिलं. मी पाटी लिहीत राहिले.

साहेबांची गाडी गेल्यावर उरलेला हुळा आम्हा बायकांना मिळाला. मीही खाल्ला. गोड होता.

संध्याकाळी देवरेसाहेब राखेत हात घालून घाटे शोधत होते. एखादा कच्चा सापडला तरी तो उगवणार नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.

"कुणी उपटलं?"

"भागीबाईनं," गोटीराम म्हणाला.

"उपटलं म्या," भागीबाई म्हणाली, "पण वाफा दावला कुनी, त्ये बी इचारा की."

साहेबांनी विचारलं नाही. मी तिथेच उभी होते. दुसऱ्या दिवशी हजेरीतून तिचं नाव गेलं. महिन्याभरात देवरेसाहेबांनी बदली मागून घेतली. एक्याऐंशीला मी कायम झाले.

मोठ्या साहेबांनी अख्खं वाण भाजून खाल्लं, ही गोष्ट मी पुढे कितीतरी जणांना सांगितली. लोक हळहळतात, सरकारला शिव्या देतात. गोष्ट खोटी नाही. तिच्यात भागीबाईचं नाव मात्र मी कधी घेतलं नाही. घेतलं असतं, तर मलाही त्या वाफ्याशी उभं राहावं लागलं असतं.