कॉलरच्या आतला टाका

१९६४ साली दुबईत आमच्या अँग्लिकन मंडळीला स्वतःचं देऊळ नव्हतं. दर शुक्रवारी एका कंपनीच्या जेवणघरात टेबलं भिंतीला सरकवून उपासना व्हायची. मटणाच्या रश्श्याचा वास कितीही खिडक्या उघडल्या तरी जायचा नाही. माझे यजमान शांतवन त्याच कंपनीत स्टोअरकीपर होते. आम्ही नगरचे. तिथे मिशनच्या बोर्डिंगात मी भरतकाम शिकले होते आणि त्याचा मला फार गर्व होता, हे आधीच सांगून टाकते.

आम्हा सातआठ बायकांचा एक सेवागट होता. आजाऱ्यांना भेटायचं, अडाण्यांची पत्रं लिहून द्यायची आणि जुन्या कपड्यांची पेटी सांभाळायची. त्या दिवसांत कोकणातून, केरळातून माणसं लाँचमधून यायची. कागद नसलेल्यांना तांडेल किनाऱ्यापासून लांबच पाण्यात उतरवून द्यायचा. पोहत, बुडत वर आलेला माणूस अंगावरच्या ओल्या कपड्यानिशी गावात शिरायचा. अशांना आमच्या पेटीतला शर्ट मिळे. धर्म कुणी विचारत नसे.

पुढे ते शर्ट बाजारात विकायला दिसू लागले. आमच्या प्रमुख मडम सुट्टीवर विलायतेला निघताना म्हणाल्या, "काहीतरी खूण करून ठेव, म्हणजे विकणार नाहीत." कसली खूण ते त्यांनी सांगितलं नाही. मी कॉलरच्या आत, मानेशी, लाल दोऱ्याचा नखाएवढा क्रूस काढला. प्रत्येक शर्टावर. टाका असा पक्का की कापड फाटेल पण दोरा तुटणार नाही. ज्यांना ते शर्ट देत होतो त्यांना काही सांगावं, असं माझ्या मनातही आलं नाही.

खतीजा आमच्या मागच्या झावळ्यांच्या झोपड्यांत राहायची. दाभोळकडची, पंचविशीची. नवरा इद्रीस लाँचवर खलाशी. ती मला भाभी म्हणायची, आणि तांदळाच्या घावणांच्या बदल्यात सासूला पत्र लिहून घ्यायची.

"लिही, भाभी, तुमचा लेक खुशाल हाय. जाडा झालाय."

"झालाय का जाडा?"

"कसला! काठीला लुंगी गुंडाळलीय नुसती. पन सासूला कशाला रडवू?"

मार्चमध्ये मी तिला इद्रीससाठी दोन शर्ट दिले. एक पांढरा, एक निळ्या रेघांचा. तसाच दुसरा निळ्या रेघांचा एका गोव्याच्या कुकला दिला होता.

मेच्या सुरुवातीला इद्रीसची लाँच वादळात फुटली. काही जण वाचले, त्यात इद्रीसच्या गावचा मुनीर होता. इद्रीसचा पत्ता नव्हता. पाच दिवसांनी जबल अलीच्या बाजूला, तेव्हा तिथे नुसती वाळू होती, एक प्रेत लागलं. चेहरा राहिलेला नव्हता. खतीजा मुनीरला घेऊन दवाखान्यात धावली. दारावरच्या माणसाने आत जाऊही दिलं नाही. "वो तो क्रिस्तान है, कॉलर में क्रॉस है. चर्चवाले ले गए."

ती परत आली ती हसत, रडत. "भाभी, तो नव्हता! कुनी बिचारा किरिस्ताव होता. माझा कुठंतरी लागला असेल बघ, इराणला, नायतर कुठं. इन्शाल्ला येईल."

कॉलरमधल्या क्रूसाचं ती मला बोलली नाही. शुक्रवारी कळलं. आमचे पाद्री नवे होते, तरुण इंग्रज. उन्हामुळे त्यांनी त्याच दिवशी, अंगातल्या कपड्यांनिशीच, घाईने दफन उरकलं होतं. प्रवचनात ते म्हणाले, या परक्या देशात एका अनोळखी बंधूने आपला विश्वास निळ्या रेघांच्या सदऱ्यात, मानेशी शिवून ठेवला होता. समुद्रालाही तो पुसता आला नाही. बायका डोळे पुसत होत्या. मी माझ्या बोटांकडे पाहत होते.

तेव्हाच उठायला हवं होतं. मी स्वतःला समजावलं, तो कुक असेल. कुक दोन महिन्यांपासून दिसला नव्हता. आणि सगळ्यांसमोर पाद्रीसाहेबांना खोटं पाडायचं? माती तर पडून गेली होती. मी गप्प राहिले. एक शुक्रवार, दोन, सात. खतीजा रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन उभी राहायची. हातात बांगड्या, केसांना तेल. येणाऱ्या प्रत्येक लाँचला विचारायची. मला म्हणायची, "तुमच्या चर्चात दुवा करा, भाभी. तुमची पन चालेल." मी "हो" म्हणायचे.

आठव्या शुक्रवारी उपासना सुरू झाल्यावर दार उघडलं आणि गोव्याचा कुक आत आला. अबू धाबीकडे तेलाच्या कँपवर होता म्हणे. अंगात निळ्या रेघांचा शर्ट, धुऊन इस्त्री केलेला. मला पाहून त्याने मान लववली.

उपासना संपल्यावर मी पाद्रीसाहेबांना सगळं सांगितलं. ते खुर्चीवर बसले. मग विचारलं, "तुला त्या दिवशीच ठाऊक होतं?"

"शंका होती."

"त्या क्रूसावर मी देवाच्या नावाने बोललो," ते म्हणाले. कबर उघडून प्रेत मुसलमानांच्या कबरस्तानात न्यायची परवानगी त्यांनी मागितली, ती मिळाली नाही.

खतीजाला मीच सांगितलं. मुनीर दारात उभा होता. तिने सगळं ऐकून घेतलं. "ती लाल फुली मला धोब्याची खूण वाटलेली," म्हणाली. मग विचारलं, "मय्यत कंदी गावली?"

"नऊ मे. वादळ चार तारखेचं."

तिने बोटांवर मोजलं. नवऱ्यामागे बाईने चार महिने दहा दिवस इद्दत पाळायची, घरात राहायचं, नटायचं नाही. ती मुदत मरणाच्या दिवसापासून धावते.

"साठेक दिस गेले," ती म्हणाली. "बाजारात फिरले मी. गजरा घातला. लोकांनी बघितलं. तो थितं मातीत, आनि मी बांगड्या वाजवत धक्क्यावर." तिने बांगड्या एकेक करून काढल्या आणि माझ्यासमोर जमिनीवर ठेवल्या. "तुला ठावं होतं, भाभी."

दुसऱ्या दिवशी मुनीरने आमच्या दफनभूमीवर आठ माणसं नेली. पाद्रीसाहेबांनी फाटक स्वतः उघडलं. कबरीवरचा लाकडी क्रूस त्यांनी दोन्ही हातांनी हलवून हलवून उपसला आणि बाहेर जाऊन टोपी काढून उन्हात उभे राहिले. त्या माणसांनी कबरीपाशी जनाज्याची नमाज पढली.

संध्याकाळी मी हे खतीजाला सांगायला गेले. ती पडद्यामागे बसली होती.

"वरचा निघाला," ती म्हणाली. "गळ्यातला?"

पडद्याखालून पांढरा शर्ट पुढे आला, त्यावर कात्री. "ह्यो त्याचा दुसरा. काढ."

मी दारात बसून उसवू लागले. टाका सुटेना. आत अंधारत चाललं होतं. कात्रीचं टोक बोटात दोनदा घुसलं. शेवटी कापडाचा एक धागा तोडून मी लाल दोरा उपसला आणि शर्ट आत सरकवला.

तिने तो घेतला. मग ती म्हणाली, "जा आता. उद्या येऊ नको. सासूला पत्र मी मुनीरकडून लिहून घेते."