माझ्या छातीवरचं खोटं

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. मित्रांनो, माझ्यावर ठळक अक्षरांत 'पडीक जमीन' असं लिहिलेलं आहे आणि ते साफ खोटं आहे. मला विचारून कुणी लिहिलं नव्हतं. रंगाऱ्याने दुकानात बसून रंगवलं, दोघांनी टेम्पोतून आणून माळावर ठोकलं, झालं.

पडीक कसली डोंबलाची? मेंढपाळ आजी रोज इथे कळप चारते. चंडोल माझ्या डोक्यावर बसून गळा मोकळा करायचा आणि जाताना नेमका 'पडीक'वर शिटायचा. त्याचंही मत माझ्यासारखंच होतं.

मग पाखरांचा अभ्यास करणारी ताई आली. मेंढ्या घरटी तुडवतील, त्यांना लांब न्या, असं तिने आजीला बजावलं. आजीने मान डोलावली आणि कळप जागचा हलवला नाही. ताईही हट्टाची. माळावर पालथी पडून ती महिनोन्‌महिने बघत राहिली. शेवटी तिलाच दिसलं की मेंढ्यांनी गवत आखूड केलेल्या जागीच टिटवी अंडी घालते आणि आजी घरटं चुकवूनच कळप वळवते. तेव्हापासून दोघी एका डब्यात जेवू लागल्या.

एके सकाळी सरकारी साहेब यंत्र घेऊन आले. माळ खणून झाडं लावायची होती. झाडं वाईट नाहीत, मित्रांनो, पण दाट झाडीत माळावरची टिटवी राहत नाही. ताईने परोपरीने सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे बोट केलं.

"आजी, पाटीवर काय लिहिलंय?"

"मला नाही वाचता येत," आजी म्हणाली. "तुम्हाला येतं ना? मग पायाशी काय आहे तेही वाचा."

बुटाला लागूनच चार अंडी होती, खड्यांसारखी. साहेबांचा पाय तिथेच थिजला. ड्रायव्हरने यंत्र बंद केलं. "मी नाही घालणार यावरून," असं म्हणून तो खाली उतरला.

काम थांबलंय, रद्द झालेलं नाही. ते पुन्हा येणार, हे मला ठाऊक आहे. पण त्याच संध्याकाळी दोघींनी मला उपटलं, फिरवलं आणि पुन्हा रोवलं. माझ्या कोऱ्या पाठीवर ताईने लिहिलं, 'जपून चाला, इथे लेकरं आहेत.'

मित्रांनो, जागेवर असो की माणसावर, कुणी 'पडीक' लिहून ठेवलं असेल तर आधी वाकून बघा. उद्या साहेबांनी पुन्हा 'पडीक' लिहायला रंगारी पाठवला तरी हरकत नाही. चंडोल अजून माझ्याच डोक्यावर बसतो.