पत्र्याची तुळस

कस्तुरीने जुन्या फोटोवर भिंग टेकवलं आणि सासूबाईंसाठी खुर्ची पुढे ओढली.

"आई, फक्त भांड्यांची नावं सांगा. चार वाजता लेबल्स प्रिंटला जातात."

ब्रिस्टलच्या म्युझियममधली ही मागची खोली. फोटो सव्वाशे वर्षांपूर्वीचा. तेव्हा लंडनच्या एका भल्यामोठ्या हॉलमध्ये अख्खं हिंदुस्थानी शहर उभं केलं होतं. प्लास्टरची देवळं, रंगवलेलं आकाश, आणि सगळं गजबजलेलं दिसावं म्हणून बोटीने आणलेले खरेखुरे विणकर, कुंभार आणि त्यांच्या बायका. लोक तिकीट काढून बघायला येत. 'इथलं काहीच खरं नव्हतं,' असं कस्तुरीने लेबलावर लिहिलं होतं. आपल्या या वाक्यावर ती भलतीच खूश होती.

मधुमतीबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि भिंगाला डोळा लावला.

"हा तांब्या. ही घागर. ही परात..." आणि त्या थांबल्या. "ही बाई तुळशीला पाणी घालतेय गं."

"पोज असेल, आई. ती तुळस पत्र्याची आहे. कॅटलॉगमध्ये दिलंय, पेंटेड टिन."

"पोज द्यायची तर तोंड इकडे केलं असतं. हिने पाठ फिरवलीय. आणि खाली कट्ट्यावर बघ, केवढी ओल मुरलीय. रोज घालत असणार."

"पण तिला माहीत असेल ना, फेक आहे ते?"

"न कळायला काय झालं? हात लावला की कळतं."

कस्तुरीने उगाच पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं. गेल्या हिवाळ्यात सासूबाई पुण्याला गेल्या होत्या, तेव्हा पाणी घालायचं राहून गेलं आणि खिडकीतली तुळस वाळली. कस्तुरीचा जन्म लंडनमधल्या वेम्बलीचा. घाबरून तिने माहेर गाठलं, तिथला देशी दुकानांचा ईलिंग रोड पालथा घातला आणि जांभळ्या दांड्याचं एक रोप आणून त्याच कुंडीत लावलं. सहा महिने सासूबाई त्या रोपाला पाणी घालून हात जोडत होत्या आणि सहा महिने ही त्या खिडकीकडे बघायचं टाळत होती. परवा त्या पुन्हा पुण्याला निघणार होत्या. त्याआधी सांगून टाकायचं, असं ती रोज ठरवायची आणि रोज तिचा धीर व्हायचा नाही.

"आई, आपली तुळस..."

"सब्जा आहे तो." मधुमतीबाईंनी भिंगावरून डोळा काढला नाही. "आले त्याच दिवशी कळलं. पान चुरडलं तर बडीशेपेसारखा वास."

कस्तुरीचे कान तापले.

"मग सांगितलं का नाही? तुम्ही रोज नमस्कार करता त्याला. आय ॲम सो सॉरी, आई."

"मुळाशी माती किती जपून दाबली होतीस. काडीचा आधारसुद्धा दिला होतास. म्हटलं, पोरीने जिवापाड लावलंय. घालावं पाणी."

कस्तुरीला एकदम रडू आलं. तिने कॉम्प्युटरकडे तोंड वळवलं आणि आपलं ते लाडकं वाक्य पुसून टाकलं. त्या जागी काय लिहावं ते मात्र सुचेना.

"काय लिहू, आई?"

"दिसतंय ते लिही. बाई पाणी घालतेय."

तिने तेवढंच लिहिलं. आधी इंग्रजीत, मग खाली मराठीत.

मधुमतीबाई उठल्या आणि कार्डिगनची बटणं लावू लागल्या.

"येताना खऱ्या तुळशीचं बी आणाल?"

"आणीन की." त्यांनी शेवटचं बटण लावलं. "दुसरी कुंडी तेवढी घेऊन ठेव."