उकळलेला अंगरखा

पंधरवड्यात दोन बाळंतिणी तापाने गेल्या, तेव्हापासून बनाबाईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सांगलीकडच्या त्या लहानशा दवाखान्यात ती आया होती, आणि तिची लेक अंबू पहिल्या बाळंतपणाला तिथेच येऊन राहिली होती.

बनाबाई धनगराची. मेंढरांत खुरकूत, म्हणजे खुरांचा साथीचा रोग, शिरली की आजारी मेंढरू हाताळलेला माणूस त्याच घोंगडीनिशी मेंढवाड्यात पाऊल टाकत नाही, हे कळायला तिला शाळा लागली नव्हती. आणि इथे शिकलेसवरलेले डॉक्टर एका रोग्याच्या सडक्या पायाची पट्टी बदलून त्याच अंगरख्यानिशी बाळंतिणींकडे निघालेले! ती दारात आडवी उभी राहिली.

"आवं डाक्टर, ह्यो अंगरखा तुमास्नी रोगापासनं राखतो. पर त्याच्यापासनं बाळंतिणीला कोन राखनार?"

डॉक्टर तापट, पण माणूस खरा. तिचं तोंड बंद करायला म्हणून त्यांनी अंगरखा जंतू वाढवायच्या काचेच्या बशीवर टेकवला. बनाबाईने तोऱ्यात आपला पदरही पुढे केला. "ह्योबी बघा."

दोन दिवसांनी दोन्ही बशांत जंतूंचे ठिपके माजले होते. पदराच्या बशीत अंमळ जास्तच. तापाने गेलेल्या त्या दोघींचा घाम बनाबाईने मायेने याच पदराने टिपला होता. ती रडली, पोटभर रडली, मग तिने चुलीवर हंडा चढवला. त्या दिवसापासून न उकळलेली चिंधीसुद्धा बाळंतिणींच्या खोलीत जाईना.

पण लढाईचे दिवस, कापड मिळायची मारामार. अंबूला कळा सुरू झाल्या तेव्हा उकळलेले अंगरखे दोनच उरले होते. एक डॉक्टरांनी घातला, एक नर्स शालूबाईने. बनाबाई तर सकाळपासून पुवाच्या पट्ट्या उचलत होती.

"आये, आत ये की गं!" अंबू ओरडली.

डॉक्टरांनाही राहवेना. "एवढ्या वेळेला या आत, बनाबाई."

"न्हाई." तिने चौकट घट्ट धरली. "अंबू, हितंच हाय मी. जोर लाव!"

अंबूला मुलगी झाली. संध्याकाळी उकळून वाळवलेलं लुगडं नेसून बनाबाई आत गेली, तर लेकीने तोंड फिरवलं. बोलणंच टाकलं तिने.

तिसरा दिवस उजाडला. गेलेल्या त्या दोघींना ताप चढला होता तो याच दिवशी. बनाबाईने भीत भीत लेकीच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं.

"आत का आली न्हाईस?" अंबूने शेवटी विचारलं.

"मेंढरांसाटी तुज्या बाला आठ दीस मेंढवाड्याभायेर निजवला हुता," बनाबाई म्हणाली. "तू तर माजी लेक हायस."