खालची खोली

घर वाढवायचं ठरलं ते सासऱ्यांच्या गुडघ्यांसाठी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ते कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. आमच्याकडे झोपायच्या खोल्या आणि बाथरूम वरच्या मजल्यावर. सासरे कठड्याला धरून चढतात, मध्येच पायरीवर बसतात आणि चप्पल नीट करत असल्याचं नाटक करतात. म्हणून मागच्या मोकळ्या जागेत त्यांच्यासाठी खाली एक खोली आणि तिला लागून बाथरूम. एवढंच.

पण एवढ्यावर थांबेल तर तो माझा नवरा कसला! पाया घालतोच आहोत, तर वर एक मजला चढवायला कितीसं लागतं, असं त्याचं म्हणणं. हे वाक्य ज्याने कुणी पहिल्यांदा उच्चारलं, त्याचं घर नक्की अर्धवट पडलेलं असणार. वर नवऱ्याचं ऑफिस होणार होतं. विमा कंपनीत दिवसभर खुर्ची उबवणाऱ्याला घरीही एक खुर्ची हवी होती.

कंत्राटदाराचा आकडा आला. बँक देणार होती त्याच्या दीडपट. मग कपातीच्या बैठका सुरू झाल्या. रोज संध्याकाळी नवरा लॅपटॉप घेऊन सासऱ्यांशेजारी बसायचा, आणि फोनच्या पडद्यावर नणंद. नणंदेने एकदा स्वतःचं स्वयंपाकघर नवं करून घेतलं होतं, तेव्हापासून तिला सिमेंटमधलं सगळं कळतं. सासऱ्यांचा जन्म कारखान्याच्या खरेदी खात्यात गेलेला. आलेला भाव आहे तसा मंजूर करायचा म्हणजे त्यांना जेवणात केस निघाल्यासारखं वाटतं. मी औषधांच्या दुकानातून परत येईपर्यंत बैठक उठलेली असायची. आज किती वाचले, एवढंच मला विजयी चेहऱ्याने ऐकवलं जाई.

आधी खालचं बाथरूम गेलं. बाबा वर चढतातच की, असं नणंद म्हणाली. ती स्वतः लिफ्टच्या इमारतीत राहते. वाचलेल्या पैशांत वरच्या खोलीला बाल्कनी आली आणि बाल्कनीचा भार पेलायला खाली खांब आला. मग कंत्राटदार म्हणाला, जुनी भिंत फोडून वर दार काढणं महागात पडेल, जिना नव्या खोलीतूनच घ्या. घेतला. उरलेल्या कोपऱ्यात नवऱ्याची व्यायामाची सायकल. तिच्यावर आजवर फक्त टॉवेल वाळलेत.

रविवारी शेवटचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला. खर्च बजेटमध्ये अगदी चपखल बसला होता. नवऱ्याचा थाट असा, जणू विटाही त्यानेच भाजल्या.

"बाबांची कॉट कुठे?" मी विचारलं.

नवऱ्याने नकाशावर बोट ठेवलं, मग सरकवलं. जिना, खांब, सायकल. बोट टेकायला जागा सापडेना. फोनवरच्या नणंदेला एकाएकी नीट ऐकू येईनासं झालं.

माझं डोकंच फिरलं. मी नवऱ्याला नको नको ते बोलले. तो म्हणाला, प्रत्येक कपात बाबांना विचारून केली, बाबांनीच हो म्हटलं. ते खरं होतं, म्हणून मला जास्तच चीड आली. मी सासऱ्यांकडे वळले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यात, आणि स्वतःची खोली गेलेली तुम्हाला दिसली नाही का, असं त्यांना तोंडावर विचारलं.

"दिसली की," सासरे शांतपणे म्हणाले. "बाथरूम गेलं तेव्हाच कळलं, पुढे काय होणार ते."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बोललो असतो तर खोली मिळाली असती, अन् बैठका संपल्या असत्या. तुझ्या सासूबाई गेल्यापासून हा माझ्याजवळ कधी बसलाच नव्हता, रोज येऊन बसतोय ते आत्ताच कुठे. खोली काय करायची होती मला?"

इतके दिवस साठवलेला माझा राग एका क्षणात बिनकामाचा झाला. मला रडू आलं आणि रडू आल्याचाही राग आला. नवरा मान खाली घालून नकाशाची घडी घालत होता, चुकीच्या बाजूने.

"ऑफिस काढून टाकतो," तो म्हणाला. "उद्यापासून पुन्हा पहिल्यापासून बसू, बाबा."

"उद्या कशाला?" सासरे घाईघाईने म्हणाले. "आज मोकळाच आहेस ना तू?"