डाव्या कानाची खाच

रणधीरनं ती फ्रेम बाजेवर ठेवली आणि वर्षाराणीला वाटलं, झालं, आता सुपारी फुटलीच. सोलापुरातल्या जुन्या सामानाच्या दुकानात कामाला असलेला हा मुलगा तिनं स्वतः पसंत केला होता. आता फक्त अप्पांनी मान हलवायची बाकी होती. आणि तिचे अप्पा, म्हणजे जळकोटचे गुंडाप्पा, मान फक्त मेंढरं मोजताना हलवायचे.

चित्र फ्रान्समधलं, अडीचशे वर्षांपूर्वीचं, काळ्या शाईत छापलेलं. भोवती सोनेरी वेलबुट्टीची चौकट. झाडाखाली एक बाई, घागरा तंबूएवढा, मांडीवर कोकरू, कोकराच्या गळ्यात रिबीन. तिच्या पायाशी लोळत एक माणूस बासरी वाजवतोय. डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप, पायात टाचेचे बूट. मागं मेंढरं.

"मेंढरांच्या घरी मेंढरांचंच चित्र आणावं म्हटलं, मामा," रणधीर म्हणाला. "ह्या धाटणीला रोकोको म्हणतात. सगळं कसं नाजूक, आनंदी."

"मेंढरं कुणाची?" गुंडाप्पांनी विचारलं.

"ह्याचीच की. मेंढपाळ आहे तो."

"ह्यो?" गुंडाप्पा वाकले. "हातात काठी न्हाय, खांद्यावर घोंगडं न्हाय. तोंड बाईकडं आन् पाठ मेंढराकडं. ह्यो राखणारा न्हाय. ह्यो नेणारा हाय."

चहा ठेवता ठेवता वर्षाराणीच्या आईनं, हरणाबाईनं, रिबीन निरखली. "चांगल्या घरातनं उचलल्यात, अवो."

वर्षाराणीला हसू आलं. तेवढ्यात अप्पांनी चष्मा काढून धोतरानं पुसायला घेतला आणि तिचं हसू आटलं. अप्पा चष्मा पुसत, तेव्हा कुणाचं तरी वाटोळं ठरलेलं असे.

"वर्षे, हिकडं ये. ह्या मेंढीचा डावा कान बघ."

कानाला मागच्या बाजूनं तिरपी खाच होती. कळप एकमेकांत मिसळले तरी आपलं जनावर ओळखू यावं, म्हणून दर घराची कान कातरायची तऱ्हा वेगळी. डावा कान, मागून तिरपी खाच, ही गुंडाप्पांच्या घराण्याची.

"मामा, कसर लागलीय ती. जुना कागद, किड्यानं खाल्लाय."

"अख्खा कागद सोडून किड्याला कानच घावला? त्यो बी डावा?"

"अप्पा, फ्रान्स कुठं, जळकोट कुठं," वर्षाराणी म्हणाली.

इथं रणधीरनं गप्प बसायला हवं होतं. पण माहिती असलेल्या माणसाच्या पोटात ती ठरत नाही.

"तसा तेव्हा हा मुलूख निजामाचा, आणि निजामाच्या फौजेत फ्रेंच होते म्हणा," तो म्हणाला.

बाहेर एक मेंढरू ओरडत होतं, तेसुद्धा थांबलं.

"म्हंजी आले हुते," अप्पा सावकाश म्हणाले. "आन् तुमी त्यांचा माल इकताव. पाव्हणं, चहा घ्या आन् निघा. पोरगी द्यायची न्हाय."

निजामाच्या फौजेपायी लग्न मोडलेली वर्षाराणी ही जिल्ह्यातली पहिलीच मुलगी ठरणार होती. "बोला की कायतरी," ती पुटपुटली.

रणधीरनं आधी चहा संपवला. "मामा, सोसायटीचा शिक्का बघितलाय का? रबरावर अक्षरं उलटी असतात."

"मग?"

"हे तसंच. तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं, शाई भरायची, वर कागद दाबायचा. डावं ते उजवं होतं. कागदावर डावा कान, म्हणजे खऱ्या मेंढीचा उजवा."

अप्पांनी स्वतःचा डावा कान धरला, मग उजवा. बराच वेळ दोन्ही धरून बसले. "उजवा कुणाचा मग?"

"आमचा," रणधीर म्हणाला. "आजोबा ढोकीच्या साखर कारखान्यात लागले, त्याच्या आधी आमचीबी मेंढरं होती. उजवा कान, मागून तिरपी खाच. म्हणून तर हे चित्र दुकानातनं सोडवून आणलं."

गुंडाप्पांनी कान सोडले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चोरी तुमच्या घरी झाली व्हय. आन् मघापासनं म्या तुमालाच बोलतूय." त्यांनी हरणाबाईला साखर आणायला सांगितली. चित्र मात्र भिंतीकडं तोंड करून टांगायचं ठरलं. खिडकीतनं त्या टोपवाल्याला मेंढरांचा वाडा दिसत होता.

पाहुण्याला हायवेपर्यंत सोडायला वर्षाराणी गेली. "खरंच उजवा कान कातरायचे तुमच्यात?"

"आमच्यात म्हशी होत्या," रणधीर म्हणाला.

वर्षाराणी थांबली. तिनं आपला चष्मा काढला आणि ओढणीनं सावकाश पुसायला घेतला.